तीच भांडी, तेच यीस्ट, दोन धंदे: सोनोमा ते हॉपलँड

१९८२च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातल्या सोनोमा गावाबाहेरची ‘न्यू अल्बियन’ ही छोटी ब्रुअरी बंद पडली. पुढच्या वर्षी १४ ऑगस्टला, तिथून शंभरेक किलोमीटर उत्तरेला, हॉपलँड नावाच्या हायवेवरच्या गावात एक ब्रूपब, म्हणजे आपली बिअर आपल्याच जागेत बनवून तिथेच विकणारा पब, उघडला. त्याची भांडी न्यू अल्बियनची होती. यीस्ट न्यू अल्बियनचं होतं. बिअर करणारे डॉन बार्कली आणि मायकल लोव्हेट, हेही न्यू अल्बियनमधूनच आलेले. सोनोमात या सगळ्यावर मालकाचं पोट धड भरत नव्हतं, आणि हॉपलँडमध्ये त्याच सामानावर एक धंदा उभा राहिला, वाढला, पुढे शेअर बाजारातसुद्धा गेला.

एवढं स्वच्छ प्रकरण धंद्याच्या इतिहासात क्वचित सापडतं. यंत्रं बदलली नाहीत, माणसं बदलली नाहीत, नऊ महिन्यांत देशाच्या जिभेची चवही काही बदलली नाही. तरीही निकाल उलटा लागला. पुण्या-मुंबईत मायक्रोब्रुअरी काढायचं डोक्यात घेतलेली मंडळी भेटली की बोलणं सुरू होतं ते टाक्यांवरून: जर्मन घ्यायच्या की चिनी, ब्रूमास्टर कुठून आणायचा, गव्हाची बिअर ठेवायची की कडवट आयपीए. म्हणून त्यांच्यासाठी हे प्रकरण जरा सविस्तर मांडतो आहे.

भंगारातून उभी राहिलेली ब्रुअरी

जॅक मॅकॉलिफ हा अमेरिकन नौदलातला तंत्रज्ञ. साठच्या दशकात त्याची नेमणूक स्कॉटलंडमध्ये होली लॉकच्या पाणबुड्यांच्या तळावर झाली आणि तिथल्या पबमधल्या एल, पोर्टर, स्टाउट या भरीव चवीच्या बिअरची त्याला गोडी लागली. घरी बिअर करायलाही तो तिथेच शिकला. मायदेशी परतल्यावर बघतो तर सगळीकडे मोठ्या कारखान्यांची एकसारखी फिकट लागर बिअर. अपवाद म्हणावा असा सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीचा. फ्रिट्झ मेटॅगने १९६५ साली तिचा मोठा हिस्सा विकत घेऊन ती बुडता बुडता वाचवली होती. अँकर बघून मॅकॉलिफला उमेद आली, पण तिच्याएवढं भांडवल त्याच्याकडे कुठलं असणार?

१९७६च्या ऑक्टोबरात सूझी स्टर्न आणि जेन झिमरमन या दोघींना भागीदार घेऊन त्याने कंपनी नोंदवली. जागा म्हणजे सोनोमाबाहेरच्या एका फळबागेतलं गोदाम. त्या काळी अमेरिकेत एवढ्या लहान मापाची ब्रुअरीची भांडी कोणी बनवतच नव्हतं. मॅकॉलिफला वेल्डिंग येत होतं, नळकाम येत होतं, वीजकाम येत होतं. कोका-कोलाच्या सिरपची रिकामी ५५ गॅलनची पिंपं आणि दुधाच्या डेअऱ्यांतून मोडीत निघालेलं स्टील त्याने आणलं आणि त्यातून भट्टी जोडली. पंपाचा खर्च वाचावा म्हणून मांडणी मजल्यांची केली. वरून सोडलेला धान्याचा रस आपल्या वजनाने खालच्या भांड्यात उतरायचा. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, विकणाऱ्या कंपन्यांचा व्यवहार रेल्वेच्या वॅगनींत चाले, त्या चार-दोन पोत्यांच्या गिऱ्हाइकाला कशाला उभं करतील? तिथे अँकरने आपल्या मालातून माल्ट देऊन निभावून नेलं. डेव्हिसच्या विद्यापीठात मद्यनिर्मितीशास्त्र शिकवणारे प्राध्यापक मायकल लुईस यांची मदत मिळाली, आणि त्यांच्याच विद्यापीठातला डॉन बार्कली नावाचा विद्यार्थी हौसेने कामाला येऊ लागला.

१९७७ साली बिअर विक्रीला निघाली. एल, पोर्टर, स्टाउट, तिन्ही बाटलीतच पुन्हा आंबून वायू धरणाऱ्या. मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली, लांबून लोक बघायला येऊ लागले, आणि जेवढी बिअर व्हायची तेवढी संपायची. मागणी नव्हती म्हणून न्यू अल्बियन बुडाली, असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही.

पंचेचाळीस गॅलनांची पडतळ

आता हिशेबाकडे येऊ, कारण सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे.

न्यू अल्बियनची एक खेप ४५ गॅलनची. अमेरिकन बॅरल ३१ गॅलनचं, म्हणजे साधारण दीड बॅरल. आपल्या मापात १७० लिटर. बारा औंसाच्या म्हणजे ३५५ मिलिलिटरच्या बाटल्या भरल्या तर ४८० भरतात, चोवीसच्या वीस पेट्या. सांडलवंड, गाळ, फुटलेल्या बाटल्या यात धरलेल्या नाहीत.

या १७० लिटरसाठी काय करावं लागतं ते बघा. माल्ट भरडायचं. गरम पाण्यात कालवून ६५-६७ अंशांवर तासभर धरायचं, म्हणजे धान्यातल्या स्टार्चची साखर होते. रस गाळून घ्यायचा, चोथा उपसून काढायचा. रस तासभर खळखळून उकळायचा, मध्ये ठरलेल्या वेळांना हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीवरची फुलं) टाकायचे. भरभर थंड करून आंबवण्याच्या टाकीत सोडायचा, यीस्ट घालायचं. मग सगळं घासायचं, कॉस्टिकने धुवायचं, निर्जंतुक करायचं. ब्रुअरचं निम्म्याहून जास्त आयुष्य धुण्यात जातं, हे या धंद्यातला कोणीही सांगेल. दिवसाचे सात-आठ तास गेले. घरात जेवणारी दोन माणसं असोत की बारा, कुकरच्या शिट्ट्यांना वेळ तेवढाच लागतो, तसंच इथेही आहे: १७० लिटरला जो दिवस जातो, जवळपास तोच दिवस १,७०० लिटरलाही पुरतो. धान्य वाढतं, पाणी वाढतं, गॅस वाढतो. माणसाचा दिवस फारसा वाढत नाही.

एवढ्यावर काम संपलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण बिअर बाटलीत जायची होती. एका बाटलीला कमीत कमी पाच वेळा हात लागतो: धुताना, भरताना, बूच मारताना, लेबल चिकटवताना, पेटीत ठेवताना. ४८० बाटल्या म्हणजे एका खेपेला २,४०० वेळा हात. न्यू अल्बियनची जास्तीत जास्त मजल आठवड्याला साडेसात बॅरल, म्हणजे पाच खेपा, शंभर पेट्या. आठवडाभर अख्खी ब्रुअरी मान मोडून राबली तर शंभर पेट्या! शिवाय बाटलीत वायू धरायला बिअर काही आठवडे पडून राहणार, तोवर माल्ट, हॉप्स, काच, बूच, लेबल यांत घातलेला पैसा अडकलेला. मग पेट्या लादून दुकानांपर्यंत न्यायच्या. दुकानदार आपला वाटा ठेवणार, मध्ये वितरक आला तर तो आपला. गिऱ्हाईक बाटलीला जे मोजतं त्यातलं उरलंसुरलं ब्रुअरीच्या हातात, आणि तेही उशिरा.

भाव वाढवावा तर किती? शेजारच्या फडताळात मोठ्या कारखान्याची बिअर स्वस्तात उभी. चवीचे शौकीन थोडं जास्त देतात, पण दुप्पट-तिप्पट देणारे सोनोमाच्या पंचक्रोशीत किती असतील?

मॅकॉलिफला हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. मोठी भांडी घ्यायला हवीत हे त्याला दिसत होतं, आणि त्यासाठी तो कर्ज आणि गुंतवणूकदार शोधत फिरत होता. पण काळ कुठला, तर अमेरिकेतला व्याजाचा दर आकाशाला भिडलेला. १९८०च्या डिसेंबरात तिथल्या बँकांचा ‘प्राइम रेट’, म्हणजे सगळ्यात भरवशाच्या गिऱ्हाइकाला लावायचा दर, २१.५ टक्के होता. पिंपं जोडून बिअर करणाऱ्याला त्या दिवसांत कोण दारात उभं करणार? छोटी ब्रुअरी हा धंद्याचा प्रकारच कोणाच्या चौकटीत बसत नव्हता. तुलना करायला दुसरं उदाहरण नव्हतं.

त्याचं काम बघून धडा घेणारे मात्र होते. केन ग्रॉसमन आणि पॉल कॅमुसी हे सोनोमाला येऊन सगळं बघून गेले आणि चिको गावात आपली सिएरा नेवाडा ब्रुअरी काढताना त्यांनी भट्टी दहा बॅरलची ठेवली. भंगार तेच, डेअरीचंच. माप मात्र साडेसहा पटींहून मोठं. त्यांची पहिली बिअर १९८०च्या नोव्हेंबरात झाली. ती कंपनी आजही आहे, आणि अमेरिकेतल्या मोठ्या ब्रुअऱ्यांत तिची गणना होते.

दार कायद्याने उघडलं

छोट्या भट्टीला वाचायचा आणखी एक मार्ग होता: बाटलीच भरायची नाही. भट्टीशेजारी टेबलं मांडायची आणि टाकीतून थेट ग्लासात ओतायची. मग मॅकॉलिफने हे का केलं नाही?

कारण कायदा. अमेरिकेत १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षं दारूबंदी होती. ती उठवताना जुन्या दिवसांची धास्ती कायदे करणाऱ्यांच्या मनात होती. बंदीच्या आधी मोठ्या ब्रुअऱ्या गल्लोगल्लीचे गुत्ते आपल्या पैशाने चालवत आणि लोकांना पाजत. म्हणून नंतर तीन स्वतंत्र पायऱ्या केल्या गेल्या: बनवणारा, वितरक, विक्रेता. एकाने दुसऱ्याच्या घरात शिरायचं नाही. मोठ्या माशांना आवरायला विणलेल्या या जाळ्यात पुढे पन्नास वर्षं लहान मासेच अडकले.

वॉशिंग्टन राज्यात वाट आधी मोकळी झाली. यकिमा गावात बर्ट ग्रँटने १९८२च्या जुलैत ब्रूपब उघडला, तो दारूबंदीनंतरचा अमेरिकेतला पहिला. कॅलिफोर्नियात टॉम बेट्स या बर्कलीच्या आमदाराने विधेयक आणलं आणि १९८३च्या सुरुवातीपासून ब्रुअरीला आपल्याच जागेत, खाण्यासोबत, आपली बिअर विकायची मुभा मिळाली. न्यू अल्बियनला कुलूप लागून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

यात नशिबाचा भाग किती आणि शहाणपणाचा किती, यावर वाद घालता येईल. माझ्या मते मॅकॉलिफला दोष द्यायला फारशी जागा नाही. त्याने घेतलेलं माप त्याच्या खिशाला झेपणारं होतं, आणि त्या मापाला जगवू शकणारा धंदा त्याच्या राज्यात बेकायदा होता.

हॉपलँड

हॉपलँड मेंडोसिनो परगण्यात, हायवे १०१ वर. या पट्ट्यात एके काळी हॉप्सची शेती होती. पन्नासच्या दशकापर्यंत ती संपली आणि द्राक्षं आली. गाव एवढंसं, पण सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेच्या रेडवूडच्या जंगलांकडे आणि वायनरींकडे जाणारी वाहतूक गावातूनच. मायकल लेबर्न, नॉर्मन फ्रँक्स आणि जॉन स्केहिल या तिघांनी इथली ‘हॉप व्हाइन सलून’ ही विटांची जुनी इमारत धरली. बार्कली आणि लोव्हेट भांडी आणि यीस्ट घेऊन आले. कंपनीचं नाव मेंडोसिनो ब्रुइंग, पबचं हॉपलँड ब्रुअरी. मॅकॉलिफनेही तिथे काही काळ काम केलं. स्वतःच्या हाताने जोडलेल्या भांड्यांवर दुसऱ्याच्या पगारी नोकरासारखं राहणं त्याला मानवण्यासारखं नव्हतं, आणि लवकरच तो या धंद्यातून बाहेर पडला.

फरक कशाने पडला?

पहिलं म्हणजे ग्लास. नळातून निघालेल्या ग्लासाला बाटली नाही, बूच नाही, लेबल नाही, पेटी नाही, गाडी नाही. ग्लास विसळला की पुन्हा तयार. एका बॅरलमधून अमेरिकन पाइंटाचे २४८ ग्लास निघतात. फेसाचे, सांडलेले, चाखायला दिलेले वजा करूनही दोनशेच्या वर गल्ल्यात जमा होतात, आणि प्रत्येकाची पूर्ण किंमत, रोख, त्याच संध्याकाळी. वाटेकरी कोणी नाही. बाटलीच्या धंद्यात एकाच बिअरवर तिघे जगत होते, इथे तिघांचं एकट्याला मिळायला लागलं.

दुसरी गोष्ट हिशेबाच्या वहीत चटकन दिसत नाही. बिअर बनवणारा आणि पिणारा एका छताखाली आले. कुठली संपते, कुठली टेबलावर अर्धी राहते, हे बार्कलीला त्याच दिवशी समोर दिसणार. पुढच्या खेपेत सुधारणा करता येते. बाटली दुकानात उन्हात तापली आणि बिअरला वास आला, तर गिऱ्हाईक बोल ब्रुअरीला लावतं. स्वतःच्या नळाला ती भीती नाही.

तिसरी गोष्ट स्वयंपाकघर. कायद्याने खाणं हवं होतं म्हणून ते आलं, पण धंद्याला त्याचाच आधार. ड्रायव्हर थांबतो तो भुकेने. सोबत कुटुंब असतं, त्यातले सगळे बिअर पिणारे नसतात. हॉपलँडला मागे बिअर गार्डन होतं, त्यामुळे बायकापोरांसकट थांबणाऱ्याला बसायला जागा होती. ब्रूपब हे आधी खानावळ असतं आणि मग ब्रुअरी, हे नव्या मालकाला पचायला जड जातं, कारण तो या धंद्यात बिअरच्या प्रेमाने आलेला असतो. पण रोजची कटकट बघा: आचारी आला नाही, फ्रीज बंद पडला, सोमवारी टेबलं रिकामी, शनिवारी वाट बघणाऱ्यांची रांग. टाकीतली बिअर महिन्यातून एखाद्या वेळी बिघडेल. भजी रोज बिघडू शकतात.

हॉपलँडच्या मंडळींनी बाटली पूर्ण सोडली नाही, आणि यातही त्यांची अक्कल दिसते. त्यांची ‘रेड टेल एल’ सुरुवातीला घरी न्यायला मिळायची ती दीड लिटरच्या मोठ्या बाटलीत. तेवढी बिअर बारा औंसाच्या बाटल्यांत भरायची तर चार बाटल्या लागल्या असत्या. म्हणजे धुणं, भरणं, बूच, लेबल यांचं काम एका फटक्यात पाव झालं. शिवाय ती बाटली विकली जायची तीही आपल्याच गल्ल्यावर, आपल्याच भावाने.

नाव, चिन्ह, पक्ष्यांच्या जाती (पुढे ब्लॅक हॉक, ब्लू हेरन, पेरेग्रीन, सगळे पक्षीच) यांवर बरंच लिहिता येईल. त्यांनी टी-शर्ट खपले असतील. टाक्या मात्र ग्लासांनी रिकाम्या केल्या.

मग पुन्हा बाटली

इथे थांबलं तर प्रकरण छान, पण अर्धवट राहील.

रेड टेल एलचं नाव झालं, बाहेरून मागणी वाढली, सहा बाटल्यांचे पॅक निघाले आणि हॉपलँडची जागा अपुरी पडू लागली. १९९४-९५ मध्ये कंपनीने दलालांना बाजूला ठेवून थेट पिणाऱ्यांना शेअर विकायचं ठरवलं. विक्रीची जाहिरात चक्क बिअरच्या पॅकमध्ये घातली. सहा डॉलरला एक याप्रमाणे सहा लाख शेअर विकून ३६ लाख डॉलर उभे राहिले. कल्पना म्हणून हे अफलातूनच. त्यातून युकाया गावात मोठी ब्रुअरी बांधायला घेतली.

बांधकामाचा खर्च वाढत गेला. त्यातच ९६-९७च्या सुमाराला छोट्या ब्रुअऱ्यांच्या बाजाराचा फुगवटा ओसरू लागला. फडताळात गर्दी झाली होती, नवे-जुने सगळे त्याच दुकानदाराच्या दारात. युकायाची भट्टी १९९७ मध्ये पेटली, आणि त्याच वर्षी पैशाची निकड भागवायला कंपनीची सूत्रं विजय मल्ल्यांच्या युनायटेड ब्रुअरीजच्या अमेरिकी कंपनीकडे गेली. सोनोमातल्या कोका-कोलाच्या पिंपांपासून निघालेली वाट अशी किंगफिशरच्या घरी येऊन पोचली. पुढे अमेरिकेत विकायची किंगफिशर मेंडोसिनोच्याच भट्टीत होऊ लागली.

मल्ल्यांचं नाव आलं की आपल्याकडे सगळा दोष त्यांच्या माथी मारायची सवय आहे. इथे ते सोयीचं असलं तरी पुरेसं नाही. गल्ला सोडून फडताळाकडे गेल्यावर मेंडोसिनोला तेच सगळं पुन्हा भेटलं जे न्यू अल्बियनला भेटलं होतं: बाटली, वितरक, दुकानदार, भावाची ओढाताण, आणि टाक्यांवर चढलेलं कर्ज. आकडे मोठे झाले म्हणून गणित बदलत नाही. दीड बॅरलवर जे अशक्य होतं ते मोठ्या मापावर शक्य होतं हे सिएरा नेवाडाने दाखवलं, पण त्यांनी बाटलीचाच धंदा पहिल्यापासून मापून उभा केला होता. मेंडोसिनो खानावळ म्हणून वाढलेली कंपनी होती, आणि कारखाना काढून बसली. २०१८च्या जानेवारीत युकायाची ब्रुअरी बंद झाली.

मॅकॉलिफच्या वाट्याला उशिरा का होईना थोडं आलं. सॅम्युअल ॲडम्सवाल्या बॉस्टन बिअर कंपनीकडे ‘न्यू अल्बियन’ हे नाव होतं. २०१३ साली त्यांनी त्याला सोबत घेऊन ती एल पुन्हा केली, नफा त्याला दिला आणि नावही परत केलं. न्यू अल्बियनची पाटी सांता रोझाच्या रशियन रिव्हर ब्रुअरीने आपल्या पबमध्ये लावली आहे.

पुण्यातून हे वाचताना

आपल्याकडे ब्रूपबला मायक्रोब्रुअरी म्हणतात. महाराष्ट्रातली सुरुवात पुण्यातली: २००९ साली कोरिंथियन्स क्लबमध्ये दूलाली आली, आणि नंतर शहरात, विशेषतः मुंढव्याच्या बाजूला, बऱ्याच जागा उभ्या राहिल्या. गल्ल्याचा मुद्दा इथेही तसाच लागू आहे, किंबहुना जास्तच, कारण पाश्चरीकरण न केलेली ताजी बिअर आपल्या उन्हाळ्यात फार फिरवता येत नाही. पण हॉपलँडचा कित्ता जसाच्या तसा गिरवायला बसाल तर काही जागी अडखळाल.

कराचं बघा. एकाच टेबलावरच्या जेवणाला जीएसटी, आणि बिअरला उत्पादन शुल्क आणि व्हॅट. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे. त्यामुळे माल्ट, हॉप्स, टाक्या, चिलर यांवर भरलेला जीएसटी बिअरच्या करातून वळता करता येत नाही; तो सरळ खर्चात बसतो. प्रकल्प अहवाल लिहिणाऱ्या बऱ्याच जणांच्या तक्त्यात हा रकाना नसतो, आणि पहिल्या वर्षअखेरीला सीए तो दाखवतो.

परवान्यांचं तर विचारू नका. उत्पादन शुल्क, महापालिका, अग्निशमन, अन्नसुरक्षा, प्रदूषण नियंत्रण, शिवाय पोलीस. जागेचं भाडं मात्र करार झाल्या दिवसापासून. टाक्या कमी घ्या हवं तर, पण परवाना येईपर्यंतचं भाडं आणि पगार वेगळे काढून ठेवल्याशिवाय करारावर सही करू नका. खेळतं भांडवल संपून चकचकीत तांब्याची भट्टी विकायला काढणारे या धंद्यात असतात.

मग ड्राय डे. गांधी जयंती ठरलेली, मतदान आणि मतमोजणीच्या तारखा मात्र आयोगाच्या हातात. नळ बंद ठेवता येतो, टाकीतलं यीस्ट थांबत नाही. एलला टाकी दोन-तीन आठवडे अडते, लागरला पाच-सहा. म्हणून क्षमता मोजायची ती भट्टीच्या मापाने मोजू नका. आंबवायच्या टाक्या किती आणि त्या महिन्यातून किती वेळा रिकाम्या होतात, यावर मोजा. शनिवारी गव्हाची बिअर संपली आहे आणि न खपणारं स्टाउट दोन टाक्या अडवून बसलंय, हे दृश्य मालकाला लागरच्या हौसेपासून दूर ठेवायला पुरेसं आहे.

पाणीही विसरू नका. एका लिटर बिअरमागे धुण्यासकट पाच-सहा लिटर पाणी सहज जातं, छोट्या जागेत जास्तच. मे महिन्यात टँकर येतो तेव्हा त्या पाण्याची चव दर खेपेला वेगळी, म्हणून आरओचा खर्च आलाच. चोथ्याची सोय आधीच लावून ठेवा. जवळपासचे गोठेवाले खुशीने नेतात, पण रोज नेणारा हवा, कारण आपल्या हवेत ओला चोथा दुसऱ्या दिवशी आंबूस वास सोडतो आणि वरच्या मजल्यावरची सोसायटी तक्रार करते.

आणि गिऱ्हाईक. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ आहे, हार्ड लिकरसाठी २५. हॉपलँडला हायवेवरची कुटुंबं आयती मिळत होती. आपल्याकडे बराचसा धंदा शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र एवढ्यातच एकवटतो. मंगळवारी दुपारी तुमच्या जागेत कोण बसणार आणि काय खाणार, याचं उत्तर द्यायला ब्रूमास्टर उपयोगी नाही, आचारी लागतो. जर्मन टाकी की चिनी, हे त्यानंतर ठरवलं तरी चालतं; स्टील दोन्हीकडचं धुवावंच लागतं.